चेन्नईचे दुष्फेन पाणी : एका नगराचा घरगुती इतिहास

नगरांचे इतिहास बहुधा किल्ल्यांवरून, तहांवरून आणि गव्हर्नरांच्या नेमणुकांवरून लिहिले जातात. परंतु बदलीच्या हुकमासरशी ज्याला परक्या शहरात बिऱ्हाड मांडावे लागते, त्याला त्या शहराची पहिली ओळख स्वयंपाकघरातील नळ करून देतो. मुंबईचे किंवा पुण्याचे पाणी अंगवळणी पडलेले मराठी कुटुंब चेन्नईस येऊन दाखल होते आणि आठ दिवसांच्या आत घरात तक्रारी सुरू होतात. कुकरच्या दोन शिट्या अधिक देऊनही तुरीची डाळ दाताखाली लागते. साबण झिजतो, पण फेस धरीत नाही. पांढरे सदरे महिन्याभरात मळकट दिसू लागतात. चहावर तवंग येतो, बादलीच्या काठाशी पांढरे वलय बसते, आणि न्हाऊन निघाल्यावरही केस चिकट राहिल्याचा भास होतो. मग "येथले पाणीच वाईट" असा निकाल देऊन आपण मोकळे होतो आणि बदलीचे वर्ष मोजू लागतो.

हा निकाल घाईचा आहे, असे आम्हांस वाटते. चेन्नईला पिढ्यान्‌पिढ्या जे पाणी मिळत आले ते मुख्यतः पावसाचे व तळ्यांचे, आणि ते पुष्कळ हलके होते. ते जड कसे झाले, केव्हा झाले आणि कोणाच्या हातून झाले, याला इतिहास आहे. तो सरकारी दप्तरांत जितका आहे तितकाच घराघरांतील विहिरींत आणि पंपांत आहे. बृहन्महाराष्ट्रातील आमचे वाचक हैदराबादेस असोत, जयपुरास असोत की दिल्लीच्या एखाद्या नव्या वसाहतीत असोत, त्यांनाही तो अगदी परका वाटणार नाही.

प्रथम शब्दांविषयी. आपल्या शालेय पुस्तकांतून अशा पाण्याला दुष्फेन व उलट प्रकारच्या पाण्याला सुफेन म्हटले जाते. ज्यात फेस येण्यास अडचण ते दुष्फेन, हे नाव मोठे अन्वर्थक आहे. खेड्यापाड्यांत त्यालाच जड पाणी म्हणतात. आणि खारेपणाची छटा जिभेला लागू लागली की तेच मचूळ होते. तमिळ गृहिणीने आणखी सोपी वाटणी केलेली आहे: पिण्याचे ते 'नल्ल तण्णी', म्हणजे चांगले पाणी, आणि बाकीचे 'उप्पु तण्णी', म्हणजे मिठाचे पाणी. चेन्नईतील पुष्कळ घरांत या दोहोंचे नळ आजही वेगवेगळे असतात. एकातून महामंडळाचे पाणी येते व दुसऱ्यातून कूपनलिकेचे. आणि पिण्यासाठी विकत घेतलेला मोठा कॅन कोपऱ्यात असतो तो निराळाच. एका घरात तीन जातींचे पाणी नांदते, आणि कोणते पाणी कोणत्या भांड्यात, याचा नियम मुलांनाही पाठ असतो.

दुष्फेनता येते ती पाण्यात विरघळलेल्या चुन्याच्या व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेऊन किंचित आम्ल होते, आणि वाटेत भेटणारे शिंपल्यांचे चूर्ण, चुनखडी, खडकातील खनिजे यांना आपल्यात विरघळवून घेते. त्यांपैकी बायकार्बोनेटे उकळल्याने खाली बसतात. म्हणून त्या दुष्फेनतेला तात्पुरती म्हणतात. सल्फेटे आणि क्लोराइडे उकळून जात नाहीत, ती कायमची. ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी १८४१ साली चुन्याच्याच निवळीने तात्पुरती दुष्फेनता काढण्याची रीत काढली. पाण्याची परीक्षा साबणाच्या द्रावणाने करण्याची पद्धतही त्यांचीच. काट्याने काटा काढावा तशी ही युक्ती आहे. भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा दर लिटरला २०० मिलिग्रॅमची आहे. दुसरे पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे, असे तिचे म्हणणे. चुना आणि मॅग्नेशियम शरीराला हवेच असतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही दुष्फेनतेसाठी आरोग्याच्या दृष्टीने मर्यादा ठरविलेली नाही. तेव्हा दुष्फेन पाणी रोगट असते हा समज सोडून द्यावा. त्याचा उपद्रव मुख्यतः घरखर्चाला आणि गृहिणीच्या श्रमांना होतो.

हा उपद्रव किती, याचा हिशेब मांडता येतो. साबणाचा रेणू चुन्याशी जुळला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो; पाण्यातला सारा चुना असा बांधला जाईपर्यंत फेस येतच नाही. दर लिटरला ४०० मिलिग्रॅम दुष्फेनता असलेले पाणी घेतले, तर वीस लिटरच्या एका बादलीतला चुना संपविण्यासच सुमारे पन्नास ग्रॅम साबण खर्ची पडेल, म्हणजे जवळजवळ अर्धी वडी. तोच साका सदऱ्याच्या धाग्यांत अडकून त्यांना राखी रंग आणतो आणि केसांवर बसून त्यांना राठ करतो. गरम पाण्याच्या यंत्राची गोष्ट अशीच. रोज शंभर लिटर पाणी तापविले, त्यात तात्पुरती दुष्फेनता लिटरला २०० मिलिग्रॅम धरली आणि तिचा केवळ दहावा हिस्सा तापणाऱ्या कांडीवर बसला, असे मानले, तरी वर्षाला पाऊण किलो दगड घरातल्या घरात तयार होतो. कांडीवर हा लेप चढला की वीज अधिक जळते आणि एके दिवशी कांडीच जळते.

डाळीचे न शिजणे याचेही कारण ठाऊक झालेले आहे. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा जो पेक्टिन नावाचा पदार्थ, त्याच्याशी पाण्यातला चुना बांधला जातो व ती पकड घट्ट करतो. त्यामुळे दाणा फुटत नाही. होळीला पुरणासाठी हरभऱ्याची डाळ कूपनलिकेच्या पाण्यात शिजत घातली, तर पुरण यंत्रातून जाताना हात भरून येतात ते यामुळेच. जुन्या बायकांचे उपाय शास्त्राला धरून होते. डाळ रात्री भिजत घालणे, चिमूटभर सोडा टाकणे, डाळ पुरती शिजल्याखेरीज चिंच किंवा आमसूल न घालणे, हे सर्व त्या पेक्टिनाचीच पकड सैल करण्याचे किंवा ती अधिक घट्ट न होऊ देण्याचे मार्ग. शिकेकाई व रिठा यांचा फेस साबणासारखा चुन्याने मरत नाही. म्हणून ज्या प्रदेशांत विहिरी जड, तेथे न्हाणे शिकेकाईने होत आले, यात केवळ रूढी नव्हती. तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासली की त्यावरील पांढरा थरही निघतो, कारण आम्लापुढे चुना टिकत नाही. पुढे १९५९ साली 'सर्फ' भारतात आले. साबणाऐवजी कृत्रिम अपमार्जक वापरणारी ही भुकटी दुष्फेन पाण्यातही फेस देई, आणि धुणे हलके झाले. पण त्याबरोबर पाणी जड होत चालल्याची जाणीव देणारी एक खूणही घरातून गेली. फेस येतो आहे तोवर विहिरीकडे वाकून पाहण्याचे कारण कोणास उरले नाही.

आता या नगराच्या पाण्याचा जन्म पाहू. १६३९ साली फ्रान्सिस डे याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी मद्रासपट्टणमची जी किनाऱ्यालगतची पट्टी मिळविली, ती वाळूची होती. तेथे धड बंदर नव्हते. कंपनी आली होती ती कापडासाठी, आणि कापडाला विणकराइतकीच धोब्याची व रंगाऱ्याची गरज असते. उत्तरेकडील वण्णारपेट्टै, म्हणजे इंग्रजांचे वॉशरमनपेट, हे नावच परटांवरून पडलेले आहे. १७३४ साली कूवम नदीच्या काठी चिंताद्रिपेट वसविले गेले, तेही विणकर व त्यांना लागणाऱ्या कारागिरांसाठीच. निर्यातीचे कापड पांढरेशुभ्र करावयाचे तर पाणी हलके हवे. उलट चोळमंडलाच्या किनाऱ्यावर चायमुळीचा जो तांबडा रंग कापडावर चढे, त्याला चुन्याची जोड लागते, कारण तुरटी आणि चुना या दोहोंच्या साहाय्यानेच तो रंग पक्का होतो. एकाच गावात धोब्याला चुना नको आणि रंगाऱ्याला हवा! तिसरा गिऱ्हाईक गवंडी. समुद्रातील शिंपले भाजून केलेला मद्रासचा चुना संगमरवरासारखी झिलई घेई आणि त्याची कीर्ती सर्वदूर होती. ज्या वाळूत चुन्याच्या भट्ट्यांना पुरतील इतके शिंपले, त्या वाळूतून झिरपलेल्या पाण्यात चुना उतरावा यात आश्चर्य ते कोणते?

तरीही त्या वाळूत गोडे पाणी होते, आणि आजही आहे. पाऊस वाळूत मुरतो. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्याने ते खालच्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहते. अशा गोड्या पाण्याच्या भिंगासारख्या साठ्यावर किनाऱ्यावरील उथळ विहिरी जगत आल्या. शहराच्या वस्त्यांची नावेच पाहा. तिरुवल्लिक्केणी, ज्याचे इंग्रजांनी ट्रिप्लिकेन केले, ते तिरु-अल्लि-केणी, म्हणजे कुमुदिनींचे पवित्र तळे. परंतु सेंट जॉर्ज किल्ला समुद्राच्या इतका लगत की तेथील पाण्यावर भिस्त ठेवता येत नसे. गोडे पाणी उत्तरेच्या पेद्दनायकनपेट भागातून आणावे लागे. १७५८–५९ च्या हिवाळ्यात फ्रेंचांनी किल्ल्याला वेढा घातला होता. शत्रू दाराशी असताना पाणी तटाबाहेर असणे किती धोक्याचे, हे ज्यांनी तो वेढा सोसला त्यांना वेगळे सांगावयास नको होते. १७७२ साली कॅप्टन बेकर यांच्या योजनेने पेद्दनायकनपेटच्या विहिरींचे पाणी किल्ल्यास पुरविण्याची व्यवस्था झाली. हीच ती प्रसिद्ध सात विहिरींची योजना. तो भाग तमिळमध्ये अद्याप एळुकिणरु, म्हणजे सात विहिरी, या नावाने ओळखला जातो.

एक शतकभर शहर असेच विहिरींवर आणि देवळांच्या तळ्यांवर चालले. मग १८६६ साली सार्वजनिक बांधकाम खात्याचे अभियंते फ्रेझर यांनी मोठी योजना आखली. शहराच्या वायव्येला कोसस्तलैयार नदी आहे. तिच्यावर तामरैपाक्कम येथे बंधारा घालून पाणी चोळवरमच्या तळ्यात व तेथून पुळलच्या, म्हणजे रेड हिल्सच्या, तळ्यात आणावयाचे आणि पुढे उताराने शहरात सोडावयाचे. १८७२ साली हे पाणी उघड्या कालव्याने किल्पॉकपर्यंत येऊन तेथून बिडाच्या नळांनी वाटले जाऊ लागले. ते गाळलेले नव्हते. त्यात कचरा येई, किडे येत. १९१४ साली जे. डब्ल्यू. मॅडली या अभियंत्यांच्या आराखड्याप्रमाणे किल्पॉकला वाळूच्या गाळण्या व पंप उभे राहिले आणि शुद्ध पाण्याचा पुरवठा सुरू झाला. १९६१ साली शहराची वस्ती ६ लाख ६० हजार होईल आणि माणशी रोज ११५ लिटर लागेल, असा अंदाज करून हे काम बांधलेले होते.

या योजनांचा मर्म असा की त्यांनी शहराला पावसाचे पाणी जमिनीत फार न मुरवता, तळ्यात साठवून दिले. खडकाशी त्याची ओळखच थोडी, म्हणून ते हलके. तामिळ प्रदेशात अशा तळ्याला 'एरी' म्हणतात. एका एरीचे पाणी सांडले की खालच्या एरीत, तिचे सांडले की पुढच्या. अशी त्यांची साखळी असे. येथील पावसाचे वर्ष आपल्याहून निराळे. आपला मृग आणि आषाढ येथे बहुतांशी कोरडाच जातो. खरा पाऊस ईशान्य मान्सूनचा, तमिळ पंचांगातील ऐप्पसी-कार्तिगै महिन्यांत, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षाचा एकूण पाऊस सुमारे १४०० मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दुप्पट. पण त्यातला मोठा भाग थोड्या दिवसांत कोसळून जातो. ते दिवस धरून ठेवणे हेच एरीचे काम होते. १९४४ साली कोसस्तलैयारवर पूंडीचा जलाशय झाला. तो बांधावा म्हणून नगराध्यक्ष या नात्याने खटपट करणारे एस. सत्यमूर्ती १९४३ साली वारले. जलाशयाला त्यांचेच नाव आहे.

उलटा प्रवास सुरू झाला तो याच काळात. मैलापूरच्या पश्चिमेस 'लाँग टँक' नावाचे विस्तीर्ण तळे होते. १९२० नंतरच्या दशकात त्याची जमीन भरून त्यागराय नगर, म्हणजे आजचे गजबजलेले टी. नगर, वसविण्यात आले. नुंगंबाक्कमचे तळे असेच बुजले; १९७६ साली उभारलेले वळ्ळुवर कोट्टम त्याच्याच जागेवर आहे. १९६१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली होती, म्हणजे मॅडलींच्या अंदाजाच्या अडीचपटीहून अधिक. नळाला दाब राहिला नाही. लोकांनी घरासमोर हातपंप बसवून नळातले पाणी ओढावयास सुरुवात केली, अंगणात टाकी खोदली. आणि ती भरेना तेव्हा विहीर खोल केली. विहीर आटली तेव्हा कूपनलिका खणली. दक्षिणेकडील वस्त्यांखाली जो कठीण खडक आहे तो शास्त्रात चार्नोकाइट म्हणून प्रसिद्ध आहे. भूशास्त्रज्ञ टॉमस हॉलंड यांनी हे नाव दिले ते कलकत्त्याच्या जॉब चार्नॉकच्या थडग्यावरील शिळेवरून. ती शिळा मद्रासजवळच्या याच खडकाची. अशा खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे साचून राहिलेले पाणी खनिजे पिऊन जड झालेले असते. वरचे कोवळे पाणी संपवून आपण ते जुने पाणी उपसू लागलो.

याहून मोठा धोका समुद्राकडून होता. डच अभियंता बाडोन घायबेन आणि जर्मन अभियंता हेर्त्सबर्ग यांनी, एकाने १८८८–८९ मध्ये आणि दुसऱ्याने १९०१ मध्ये, एक साधा नियम मांडला. किनाऱ्याजवळ गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक फूट असेल, तर त्या गोड्या पाण्याचा साठा समुद्राच्या पातळीखाली सुमारे चाळीस फूट खोल पोहोचतो. नियम आशादायक दिसतो. पण तो उलट वाचावा. वरून एक फूट पाणी उपसले की खालून समुद्र चाळीस फूट वर सरकतो. समुद्राच्या पाण्याची दुष्फेनता लिटरला सहा हजार मिलिग्रॅमहून अधिक, आणि तीही बहुतेक मॅग्नेशियमची, म्हणजे कायमची. त्याचा विसावा भाग जरी विहिरीत शिरला, तरी दुष्फेनता तीनशेंनी चढते, आणि ही दुष्फेनता उकळून जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९६६ ते १९६९ या काळात शहराच्या उत्तरेस भूजलाची पाहणी झाली आणि मींजूर, पंजेट्टी, तामरैपाक्कम येथे विहिरींचे मोठे समूह योजले गेले. शहराला पाणी मिळाले. परंतु मींजूरकडे समुद्र जमिनीखालून आत सरकत असल्याचे त्याच सुमारास दिसून आले, आणि पुढील दशकांत तो कित्येक किलोमीटर आत आला. १९७८ साली महानगर पाणीपुरवठा मंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडचे 'मेट्रो वॉटर', स्थापन झाले. १९८७ साली भूजल उपशावर नियंत्रण ठेवणारा कायदाही झाला. कायद्याचा हात मात्र प्रत्येक घराच्या पंपापर्यंत पोहोचणे कठीण होते.

येथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो, आणि तो आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतो. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी पाच अब्ज घनफूट पाणी मद्रास शहराच्या पिण्यासाठी सोडण्याचे मान्य केले. १९८३ साली आंध्र व तमिळनाडू यांच्यात कालव्याचा करार झाला. वाटेतील घट वजा जाता बारा अब्ज घनफूट पाणी शहराला मिळावे, असे ठरले. श्रीशैलमच्या जलाशयातून निघून, सोमशिला व कंडलेरू हे जलाशय ओलांडून, सुमारे चारशे किलोमीटरचा प्रवास करून हे पाणी १९९६ साली तमिळनाडूच्या सीमेवर पोहोचले. मद्रासचे चेन्नई झाले तेही याच वर्षी. ठरलेले सर्व पाणी दरवर्षी येतेच असे नाही. वाटेवरील शेतकऱ्यालाही तहान आहे. तथापि महाबळेश्वरी उगम पावून, वाई, कऱ्हाड, सांगली, नरसोबाची वाडी पाहून आलेल्या नदीचा अंश पूंडीच्या तळ्यात मिसळतो, आणि एखाद्या मराठी कारकुनाच्या घरी चेन्नईत त्यावर चहा उकळतो, ही गोष्ट लहान नव्हे. घाटमाथ्यावरच्या ज्या शेतकऱ्याने हे पाच अब्ज घनफूट सोडले, त्याच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येत नसतीलच, असे कोणी म्हणू नये. हे पाणी हक्काने मागण्यापूर्वी आपल्या पायाखालचे पाणी आपण कसे वापरले, याचा जाब द्यावयास हवा.

गेल्या पाव शतकात या प्रश्नावर यंत्रांचे उपाय पुष्कळ निघाले. समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने मींजूरला २०१० साली व नेम्मेलीस २०१३ साली सुरू झाले. प्रत्येकाची शक्ती रोज दहा कोटी लिटरची. २०२४ साली नेम्मेलीस पंधरा कोटी लिटरची भर पडली. गंमत अशी की या कारखान्यांतून निघणारे पाणी इतके सुफेन असते की ते नळ पोखरील. म्हणून त्यात मुद्दाम चुन्याचा अंश घालावा लागतो. घरगुती शुद्धीकरणाची यंत्रे ज्या उलट्या परासरणाच्या तत्त्वावर चालतात, ते पडदे १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी सिद्ध केले. साधारण घरगुती यंत्र एक भांडे पाणी शुद्ध करताना एकाहून अधिक भांडी खारे पाणी मोरीत सोडते. राळेच्या मण्यांवर चुना अडकवून पाणी सुफेन करणारे यंत्र मिठाने धुवावे लागते, आणि ते मीठही अखेर गटारात जाते. म्हणजे आपली बादली गोडी करण्यासाठी आपण शेजाऱ्याच्या पायाखालची जमीन खारी करीत असतो. ज्याला हे यंत्र परवडत नाही, त्या घरची बाई रंगीत प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन लॉरीच्या रांगेत उभी असते. दुष्फेन पाण्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये हे शहर पुरात बुडाले, आणि पुढे चारच वर्षांनी, २०१९ च्या जूनमध्ये, त्याचे मुख्य जलाशय कोरडे पडले. १२ जुलै २०१९ रोजी जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची आगगाडी पंचवीस लाख लिटर पाणी घेऊन चेन्नईस आली. मराठी वाचकांना हे दृश्य नवे नव्हते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला अशीच पाण्याची गाडी धावली होती. फरक एवढाच की लातूर पर्जन्यछायेत आहे आणि चेन्नईवर वर्षाला १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. जे शहर चार वर्षांत बुडते आणि तहानेने व्याकुळही होते, त्याला पावसाची वाण आहे असे म्हणता येत नाही. त्याच्यापाशी पाऊस ठेवावयास जागा नाही.

त्या जागेचा एक मार्ग मात्र सापडलेला आहे, आणि तो घरगुतीच आहे. बेझंट नगरच्या वाळूच्या पट्ट्यात राहणारे शेखर राघवन १९९५ च्या सुमारापासून दारोदार जाऊन छतावरचे पाणी विहिरीत सोडा असे सांगत होते. त्यांच्या प्रयत्नातून २००२ साली 'रेन सेंटर' उभे राहिले. २००३ साली तमिळनाडू सरकारने सर्व इमारतींना पर्जन्यजल संचयन सक्तीचे केले. त्यानंतरच्या चांगल्या पावसाळ्यांत पुष्कळ भागांतील विहिरींची पातळी वर आली आणि खारेपणा उतरला. नियम तोच, घायबेन-हेर्त्सबर्गचा: वर एक फूट भरले की समुद्र चाळीस फूट मागे हटतो. जे उपशाने बिघडले ते भरण्याने काही अंशी सुधारते. मैलापूरच्या कपालीश्वराच्या तळ्यासारखी देवळांची तळी हेच काम मुकाट्याने करीत आली आहेत. तळे भरले की भोवतालच्या गल्ल्यांतील विहिरी गोड लागतात.

परंतु सक्तीने खणलेले पुष्कळ खड्डे पुढे गाळाने बुजून गेले. वाळू व खडी बदलावी लागते, छताचे नळ पहिल्या पावसापूर्वी साफ करावे लागतात, आणि हे काम कोणाचे, असा प्रश्न पडला की बदलीवर आलेला मनुष्य सहज म्हणतो, "आम्ही काय, तीन वर्षांचे पाहुणे." सरकारी वसाहतींत तर सारेच पाहुणे असतात, आणि पाहुण्यांच्या घराची विहीर सर्वांत आधी खारी होते. आमच्या मते या शहरात दुष्फेन पाण्याविषयी तक्रार करण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने सप्टेंबरात आपल्या इमारतीचा शोषखड्डा एकदा उघडून पाहिला आहे. काम फार नाही. गच्ची झाडावी, जाळीतला पाला काढावा, गाळ उपसावा, वरची वाळू धुवून पुन्हा घालावी. घरात पाण्याची वाटणी करावी: डाळ-भाताला आणि चहाला महामंडळाचे किंवा साठविलेले पावसाचे, धुण्याभांड्यांना कूपनलिकेचे. शुद्धीकरणाच्या यंत्रातून सुटणारे पाणी लादी पुसण्यास ठेवावे. आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर विहिरीच्या पाण्याची दुष्फेनता मोजून इमारतीच्या वहीत टिपून ठेवावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी समोर आल्या म्हणजे वाद आपोआप कमी होतात.

सरकारी नोकरीत कार्यभार सोपविताना एक यादी द्यावी लागते: किती फायली प्रलंबित, किती रक्कम शिल्लक, कोणत्या किल्ल्या कोणाच्या हवाली. बदली झालेला मनुष्य बिऱ्हाड आवरतो तेव्हा त्या यादीत घरच्या विहिरीचा उल्लेख नसतो. ती कोणत्या पातळीवर मिळाली आणि कोणत्या पातळीवर सोडली, हे कोणी विचारीत नाही. पुढच्या भाडेकरूची डाळ मात्र ते बरोबर सांगते.